जुनी चावीची घड्याळं ऑनलाइन लिलावात घेताना आणि विकताना

चावीचं_घड्याळ
शनिवार, रात्री ९:४०

एचएमटी, सीको, फावर-ल्यूबा, वेस्ट एंड अशी जुनी घड्याळं ऑनलाइन लिलावातून घ्यावीत का, आणि घरातली तिथे विकावीत का, हे बरेच जण विपूत (विचारपुशीत) विचारतात. प्रत्येकाला वेगळं उत्तर देण्यापेक्षा हा धागा काढतोय.

माझं मत आधीच सांगतो. लिलावात बोली लावायचं कौशल्य थोडंसंच लागतं, वस्तू ओळखायचं भरपूर लागतं. बोलीचं तंत्र एका संध्याकाळी समजतं. डायल वाचता यायला वेळ जातो, आणि तो वेळ न देता पैसे लावणारा माणूस विक्रेत्याच्या मर्जीवर असतो.

आधी बोलीचं बघू. आपल्याकडे ऑनलाइन लिलावाची सवय लावली ती बाझीने. २००० साली मुंबईत सुरू झालेली ही साइट २००४ मध्ये ईबेने घेतली आणि ऑगस्ट २०१८ मध्ये ईबेचं भारतीय दुकान बंद झालं. पण मुंबईचे घड्याळविक्रेते ईबेच्या मुख्य साइटवर आजही आहेतच. म्हणजे गंमत अशी की दक्षिण मुंबईतल्या गल्लीतलं घड्याळ आपण डॉलरमध्ये बघत असतो. देशातल्या देशात बहुतेक लिलाव आता फेसबुकच्या गटांत कमेंटमध्ये चालतात. तिथे नियम गटाचा ॲडमिन ठरवतो, आणि ते वाचल्याशिवाय एक रुपयाची बोली लावू नका.

ईबेसारख्या साइटवर तुम्ही कमाल आकडा टाकता. साइट तो कुणाला दाखवत नाही. समोरच्याला मागे टाकायला लागेल तेवढीच तुमची बोली चढवत राहते. समजा तुम्ही ६००० टाकले आणि दुसऱ्याची धाव ४२०० पर्यंतच होती, तर घड्याळ तुम्हाला ४२०० च्या वर एक पायरी एवढ्यालाच पडतं. विल्यम विकरी या अर्थतज्ज्ञाने १९६१ मध्येच दाखवून दिलं होतं की जिंकणाऱ्याने दुसऱ्या क्रमांकाची किंमत द्यायची असेल, तर वस्तू आपल्याला जेवढ्याची वाटते तेवढीच बोली लावणं सगळ्यात फायद्याचं. (त्याला १९९६ चं नोबेल मिळालं, आणि घोषणेनंतर तीनच दिवसांत तो गेला.) तेव्हा शंभर-शंभर रुपयांनी चढत जाऊ नका. कागदावर आकडा लिहा, तोच टाका आणि बाजूला व्हा.

आकडा ठरवताना पूर्ण खर्च धरा. टपालखर्च, कार्डावरचं परकीय चलनाचं शुल्क, वस्तू बाहेरून येत असेल तर कस्टम ड्युटी. ही ड्युटी नुसत्या वस्तूच्या किमतीवर लागत नाही, वाहतूक आणि विमा धरून होणाऱ्या किमतीवर लागते. शिवाय घड्याळ आल्यावर सर्व्हिसिंग करावंच लागणार. विक्रेत्याने ‘सर्व्हिस्ड’ लिहिलं असलं तरी.

आता शेवटच्या दहा सेकंदांत बोली लावायची की नाही? लावावी. ईबेवर लिलाव ठरल्या वेळी संपतो, वेळ वाढत नाही. ॲल्विन रॉथ आणि ॲक्सेल ओकनफेल्स यांनी २००२ मध्ये ईबे आणि तेव्हाचे ॲमेझॉनचे लिलाव ताडून पाहिले होते. ॲमेझॉनवर शेवटी बोली आली की वेळ आपोआप वाढायची. उशिरा बोली लावणारे ईबेवर कितीतरी जास्त सापडले. कारण सरळ आहे. लवकर बोली लावली की, ज्याने आपली मर्यादा ठरवलेली नाही त्याला इरेला पेटायला वेळ मिळतो.

डायल कसा वाचायचा ते पुढच्या प्रतिसादात लिहितो, फोन चार्जिंगला लावतो.


पार्ले_पूर्व
शनिवार, रात्री १०:०५

वाचनखूण साठवली. एक प्रश्न. ‘वस्तू आपल्याला जेवढ्याची वाटते’ म्हणता, पण ती कितीची आहे हे कळणार कसं? एकाच एचएमटी जनताला एक जण ९०० म्हणतो आणि दुसरा ९०००.


चावीचं_घड्याळ
शनिवार, रात्री १०:३२

मागितलेली किंमत बघूच नका. ईबेवर ‘विकल्या गेलेल्या वस्तू’ अशी गाळणी आहे, ती लावा. तिथे प्रत्यक्ष सौदे दिसतात. फेसबुक गटात जुन्या पोस्टी शोधा आणि शेवटची बोली बघा. दोन-तीन आठवडे काहीही विकत न घेता नुसतं बघत राहिलात तरी भाव डोक्यात बसतो.

आता डायल. एचएमटीने १९६१ मध्ये सिटिझनच्या सहकार्याने बंगळुरात घड्याळं बनवायला सुरुवात केली. जनता, पायलट ही त्यातली आपल्या घराघरांत दिसणारी नावं. आत १७ ज्वेलचं (चाकांची टोकं ज्यात फिरतात ते छोटे खडे) ०२३१ क्रमांकाचं मशीन. पायलटचा काळा डायल आज सगळ्यांना हवा असतो, आणि म्हणूनच बाजारात सगळ्यात जास्त रंगवलेले डायल पायलटचेच आहेत. निळे, केशरी, हिरवे, लाल. वर एखादं बोधचिन्ह छापलेलं. जगभरचे घड्याळवाले अशा नगाला ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात: जुनं मशीन, दुसऱ्याच घड्याळाची केस (बाहेरचं धातूचं कवच), नव्याने रंगवलेला डायल आणि हाताला येतील ते काटे.

फोटो मोठा करून तीन ठिकाणी बघा. पहिलं, मिनिटांच्या रेघा. कारखान्यात छापलेल्या रेघा एकसारख्या जाडीच्या असतात आणि टोकाशी तुटक नसतात. रंगवलेल्या डायलवर शाई पसरलेली दिसते, आणि १२ च्या खालच्या नावाची अक्षरं एका ओळीत बसलेली नसतात. दुसरं, मध्यभागी काट्यांच्या भोकाची कडा. तिथे रंग साचलेला असला तर डायल पुन्हा रंगवलेला आहे. तिसरं, काट्यांची लांबी. मिनिटकाटा रेघांपर्यंत पोचायला हवा. अलीकडेच थांबला किंवा रेघांवरून बाहेर गेला तर तो त्या घड्याळाचा नाही.

आणि पन्नास वर्षांच्या घड्याळाचा डायल काल छापल्यासारखा चकचकीत असेल तर थांबाच. आपल्या हवेत ते शक्य नाही. चार महिने पाऊस, वर्षभर खारा वारा. चावीच्या दांडीला गंज, डायलच्या कडेला पिवळे-तपकिरी ठिपके, काचेच्या आतल्या बाजूला धुरकटपणा, हे मुंबईत वापरलेल्या घड्याळाचं खरं वय आहे.


मटन_स्ट्रीट
शनिवार, रात्री ११:१८

धागा चांगला आहे, पण एक बाजू राहिली. माझ्या वडिलांचं आणि काकांचं घड्याळदुरुस्तीचं टेबल होतं, मी लहानपणापासून तिथेच. डायल नव्याने रंगवणं हा फसवणुकीचा धंदा म्हणून सुरू झालेला नाही. गिऱ्हाईक यायचं, लग्नात मिळालेलं घड्याळ, डायल पूर्ण काळवंडलेला. कंपनीचा नवा डायल मिळत नव्हता. मग जुना रंग उतरवायचा, पितळेची पाटी घासून साफ करायची, नवा रंग द्यायचा, वर छाप मारायचा. मागचे दोन पाय शाबूत ठेवून. एक पाय तुटला तर डायल मशीनवर हलतो आणि काटे घासतात, म्हणून काका तिथे सगळ्यात जास्त जपायचे. माणूस घड्याळ हातात घालून खूश होऊन जायचा. त्याच्याकडून कुणी ‘ओरिजिनल’ म्हणून जास्त पैसे घेतले नाहीत.

त्या कारागिरांच्या हातांमुळे हजारो घड्याळं आज चालू आहेत. कंपनीची घड्याळं बंद झाली, सुटे भाग मिळेनात, तेव्हा एका मशीनचा बॅलन्स (मागेपुढे डोलणारं चाक) दुसऱ्याला लावून त्यांनीच ती जिवंत ठेवली. लबाडी सुरू होते ती तेच घड्याळ ‘मिंट कंडिशन, ऑल ओरिजिनल’ लिहून परदेशी माणसाच्या गळ्यात मारताना. तो लिहिणारा बहुतेक वेळा कारागीर नसतोच, मधला व्यापारी असतो.


चावीचं_घड्याळ
शनिवार, रात्री ११:४१

मटन_स्ट्रीट, पूर्ण सहमत, आणि हे लिहिल्याबद्दल मनापासून आभार. माझ्या प्रतिसादात ही बाजू यायलाच हवी होती. रंगवलेला डायल सांगून विकला तर काहीच गैर नाही, रोज वापरायला असं घड्याळ मजेत घ्यावं. फक्त भाव त्याप्रमाणे असावा.


नाणेघाट
रविवार, सकाळी ८:१५

माझा विषय नाणी, पण सल्ला तोच लागू पडतो म्हणून लिहितो.

नाण्यांत दोन प्रकारचे लोक फसतात. पहिला प्रकार घेणाऱ्यांचा. ‘ईस्ट इंडिया कंपनी, वन आना, १८१८’ आणि मागे राम दरबार किंवा हनुमान, अशी तांब्याची जाड नाणी ऑनलाइन ढिगाने दिसतील. कंपनीने अशी नाणी कधीच पाडली नाहीत. ती मागाहून बनवलेली टोकन आहेत. तांदूळ ओढणारं नाणं, चमत्कारी नाणं, सगळं एकाच माळेचं. चांदीचा रुपया घेत असाल तर तराजू हवाच. राणी व्हिक्टोरियापासून १९३९ पर्यंतचा रुपया ११.६६ ग्रॅमचा, चांदी ९१.७ टक्के. १९४० पासून चांदी निम्म्यावर आली, १९४७ चा रुपया निकेलचा. विक्रेत्याकडे वजनाचा फोटो मागा. नाणं काट्यावर ठेवून आकडा दिसेल असा. तो द्यायला टाळाटाळ झाली तर पुढे जाऊ नका.

दुसरा प्रकार विकणाऱ्यांचा, आणि हे मला जास्त जिव्हारी लागतं, कारण यात बहुतेक म्हातारी माणसं असतात. ‘ट्रॅक्टरवाली पाचची नोट आहे? वैष्णोदेवीचं नाणं आहे? लाखो मिळवा’ असे व्हिडिओ फिरतात. फोन केला की आधी नोंदणी शुल्क, मग कर, मग रिझर्व्ह बँकेचं कमिशन. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर निवेदन काढून सांगितलंय की अशा व्यवहारांशी बँकेचा काही संबंध नाही, बँक कसलंही शुल्क किंवा कमिशन मागत नाही आणि कुणाला तसे अधिकार दिलेले नाहीत. तुमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटात हे आवर्जून टाका.

अजून एक. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनं नाणं हा पुरावशेष आहे. ते भारताबाहेर पाठवायला बंदी आहे. परदेशी गिऱ्हाईक कितीही डॉलर देवो, पाकिटात घालून पाठवू नका. देशात विकायला मुंबईत नाण्यांची लिलावगृहं आहेत, ऑनलाइन बोलीही लागते आणि लिलावाआधी लॉट प्रत्यक्ष हातात घेऊन बघताही येतात. तिथे हातोड्याच्या किमतीवर, म्हणजे शेवटच्या बोलीवर, खरेदीदाराला प्रीमियम (लिलावगृहाचा आकार) आणि जीएसटी भरावा लागतो, तो धरूनच बोली लावा.


माहीमची_सून
रविवार, सकाळी ११:३०

सगळ्यांचे प्रतिसाद वाचले, खूप उपयोगी. माझी गरज विकण्याची आहे. सासरे गेल्या वर्षी गेले. त्यांची घड्याळं कपाटात आहेत: दोन एचएमटी, एक फावर-ल्यूबा आणि एक सीको फाइव्ह. मुलांना नको आहेत. सासूबाई म्हणतात, ज्याला आवड आहे त्याच्याकडे जाऊ देत. दुकानदाराने चारही मिळून फारच कमी सांगितले आणि वर म्हणाला की पॉलिश करून, डायल नवे करून आणलंत तर चांगला भाव मिळेल. करून घेऊ का?


चावीचं_घड्याळ
रविवार, दुपारी १२:०४

ताई, काहीही करू नका. पॉलिश नाही, नवा डायल नाही, नवी काचसुद्धा नाही. आवड असलेला माणूस जुनेपणालाच पैसे मोजतो. केस घासली की तिच्या कडा गोल होतात आणि त्या परत येत नाहीत. सासरेबुवांच्या हातावरचे ओरखडे आहेत तसे राहू द्या.

एवढंच करा: विश्वासातल्या घड्याळजीकडे बसून मागची झाकणं उघडून घ्या, तुमच्यासमोर. मशीनचे स्पष्ट फोटो काढा आणि झाकण लगेच बंद करा. घरी खिडकीपाशी सकाळच्या उजेडात, फ्लॅश न लावता बाकीचे फोटो. डायल समोरून, दोन्ही बाजू, चावी, पाठ, पट्टा. जो दोष दिसतो त्याचा वेगळा फोटो. वर्णनात लिहा: चालतं, पण दिवसाला इतकी मिनिटं पुढे जातं. तारीख बदलत नाही. काचेला चीर. दोष लिहिले की बोली कमी येईल असं वाटतं, पण उलट होतं. लिहिलेला दोष माणूस हिशोबात धरून बोली लावतो. न लिहिलेल्या दोषाच्या भीतीने तो येतच नाही, किंवा आला तर घड्याळ परत पाठवतो.

चारही एकत्र देऊ नका. फावर-ल्यूबाचं गिऱ्हाईक वेगळं, एचएमटीचं वेगळं. जुनी बिलं, डबा, वॉरंटी कार्ड सापडलं तर सोन्यासारखं जपा, भाव त्याने वाढतो. आणि एक सावधगिरी: फार जुन्या घड्याळात अंधारात चमकणारा लेप रेडियमचा असू शकतो. झाकण-काच स्वतः उघडून तो खरवडू नका.


गिरगाव_ते_गोरेगाव
रविवार, दुपारी १:२०

सुरुवातीची किंमत एक रुपया ठेवा, गर्दी होते. आणि भाव अडकला तर मेव्हण्याला सांगून दोन बोल्या लावून घ्यायच्या. सगळेच करतात. त्यात कुणाचं नुकसान नाही, ज्याला हवं तो वर जातोच.


चावीचं_घड्याळ
रविवार, दुपारी १:४८

नुकसान आहे, आणि ते अशा माणसाचं आहे ज्याने तुमच्यावर विश्वास ठेवून बोली लावली. हे सोडून देण्यासारखं नाही म्हणून स्पष्ट लिहितो.

१९३० च्या मालविक्री कायद्याचं कलम ६४ लिलावाबद्दलच आहे. विक्रेत्याने स्वतः बोली लावायचा हक्क आधी उघडपणे राखून ठेवलेला नसेल, तर त्याने स्वतः किंवा दुसऱ्याकरवी बोली लावायची नाही. लावली तर खरेदीदार ती विक्री फसवणूक मानू शकतो. भाव चढवायला खोटी बोली लावली असेल तर सौदा रद्द करायचा अधिकार खरेदीदाराला आहे. साइट्स आणि फेसबुकचे गट अशी खाती कायमची बंद करतात, ते वेगळंच.

भाव पडेल ही भीती असेल तर तिला सरळ उपाय आहे. ज्या किमतीच्या खाली द्यायचंच नाही तीच सुरुवातीची किंमत ठेवा, किंवा राखीव किंमत जाहीर करा. कमी लोक येतील, पण जे येतील ते खरे असतील. एक रुपयापासून सुरुवात फक्त अशा घड्याळाला, ज्याला हमखास दहा-पंधरा गिऱ्हाइकं आहेत.

खरेदीदारांनी यातून हेही लक्षात घ्यावं: एखादा आयडी एकाच विक्रेत्याच्या वस्तूंवर बोली लावतोय, दर वेळी शेवटी हरतोय आणि दुसरीकडे कुठे दिसत नाही, असं आढळलं तर त्या विक्रेत्यापासून लांब राहा.


गिरगाव_ते_गोरेगाव
रविवार, दुपारी २:१०

कलम माहीत नव्हतं. राखीव किमतीचं पटलं.


कर्जखाते_निवृत्त
रविवार, दुपारी ४:३५

कलमांचा विषय निघालाच आहे तर बँकांच्या ई-लिलावाबद्दल लिहितो, कारण तिथे माणसं आयुष्यभराची पुंजी लावतात. थोडं विषयांतर होईल, धागाकर्त्यांनी सांभाळून घ्यावं.

मुलुंड, कल्याण, वसईकडचे फ्लॅट ‘बाजारभावापेक्षा स्वस्त’ म्हणून ई-लिलावात दिसतात. २००२ च्या सरफेसी कायद्याखाली थकलेल्या कर्जापोटी बँक ते विकते. राखीव किमतीच्या साधारण १० टक्के अनामत आधी भरायची. बोली जिंकलात की अनामत धरून २५ टक्के त्याच दिवशी किंवा फार तर पुढच्या कामाच्या दिवशी. उरलेले ७५ टक्के विक्री कायम झाल्यापासून १५ दिवसांत, लेखी संमतीने मुदत वाढली तरी जास्तीत जास्त तीन महिने. पैसे भरता आले नाहीत तर भरलेलं जप्त. गृहकर्ज मिळेल या भरवशावर बोली लावणाऱ्यांनी हे वेळापत्रक दोनदा वाचावं. आधी आपल्या बँकेकडून लेखी मंजुरी घ्या, मग अनामत भरा.

जाहिरातीत ‘जसे आहे, जिथे आहे’ असं लिहिलेलं असतं. त्याचा व्यवहारातला अर्थ: सोसायटीची थकबाकी, वीजबिल, मालमत्ता कर, आत राहणारा माणूस, हे सगळं तुमच्या गळ्यात येऊ शकतं. ताबा प्रत्यक्ष आहे की नुसता कागदोपत्री, हा पहिला प्रश्न विचारा. कागदोपत्री ताबा असेल तर आतल्या माणसाला बाहेर काढायला महिने जातात. इमारतीत जा. सेक्रेटरींना भेटा, थकबाकीचा आकडा लेखी मागा. वॉचमनशी बोला, फ्लॅटमध्ये कोण राहतं हे त्याला माहीत असतं. कर्जवसुली न्यायाधिकरणात दावा चालू आहे का ते वकिलाकडून बघून घ्या. किंमत ५० लाख किंवा जास्त असेल तर १ टक्का टीडीएस खरेदीदाराने कापून भरायचा असतो. मुद्रांक शुल्क वेगळं.

सरकारी बँकांच्या मालमत्ता ‘बँकनेट’ या पोर्टलवर एकत्र बघायला मिळतात. फोन करून ‘तुम्हाला लिलाव जिंकवून देतो’ म्हणणाऱ्या एजंटाला एक पैसा देऊ नका.


पार्ले_पूर्व
रविवार, संध्याकाळी ६:०२

काका, हा प्रतिसाद स्वतंत्र धागा करण्याच्या लायकीचा आहे. नक्की काढा.


माहीमची_सून
रविवार, रात्री ८:५०

चावीचं_घड्याळ, तुम्ही सांगितल्याप्रमाणे सीकोची माहिती एका जाहिरात साइटवर टाकून पाहिली, फक्त अंदाज घ्यायला. अर्ध्या तासात एकाचा फोन. सैन्यात आहे, बदली झालीय, घड्याळ न बघताच घेतो म्हणाला. ओळखपत्राचा फोटो पाठवला. पैसे जमा करायला एक क्यूआर कोड पाठवलाय, तो स्कॅन करून पिन टाका म्हणतोय. सासूबाई म्हणाल्या थांब, आधी विचार.


मटन_स्ट्रीट
रविवार, रात्री ८:५४

ताई, अजिबात स्कॅन करू नका!! पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. स्कॅन आणि पिन म्हणजे तुमच्या खात्यातून पैसे जाणार.


चावीचं_घड्याळ
रविवार, रात्री ९:१०

सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. हा जुना सापळा आहे. जवानाचं ओळखपत्र चोरीचं किंवा बनवलेलं असतं. सैन्याबद्दल आपल्याला आदर आहे म्हणूनच ते तो गणवेश वापरतात. वस्तू न बघता, घासाघीस न करता, घाईघाईने पूर्ण किंमत देणारा माणूस घड्याळाचं गिऱ्हाईक नसतो.

नंबर ब्लॉक करा, पण आधी संभाषणाचे स्क्रीनशॉट ठेवा. कुणाचे पैसे गेलेच तर त्याच मिनिटाला १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन आणि सायबरक्राइम पोर्टलवर तक्रार. जितक्या लवकर तक्रार, तितकी रक्कम पुढच्या खात्यात गोठवली जाण्याची शक्यता जास्त. मुंबईतल्या मुंबईत विकत असाल तर दिवसा, गजबजलेल्या स्टेशनाबाहेरच्या हॉटेलात भेटा, सोबत कुणीतरी असू द्या. पैसे आले की आपल्या बँकेच्या ॲपमध्ये बघा, समोरच्याच्या मोबाइलवरचा स्क्रीनशॉट धरू नका.

पार्सलने पाठवायचं असेल तर विमा उतरवा. डब्यात घड्याळ ठेवण्यापासून चिकटपट्टी लावेपर्यंत एकच सलग व्हिडिओ काढा, मागचा नंबर दिसेल असा. घेणाऱ्यानेही पार्सल फोडताना तसाच काढावा. वाद झाला तर दोन्ही व्हिडिओंतला नंबर जुळतो का, एवढ्यावर निकाल लागतो.

साइटवर तक्रार करायची वेळ आली तर २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे प्रत्येक साइटला तक्रार अधिकारी नेमावा लागतो, तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात करावं लागतं. दाद लागली नाही तर ग्राहक हेल्पलाइन १९१५. फेसबुकवर दोन खाजगी माणसांत झालेल्या सौद्याला मात्र हे कवच फारसं मिळत नाही, म्हणून तिथे ओळखीचा आणि जुने सौदे दाखवू शकणारा माणूसच बघा.


वरळी_सीफेस
सोमवार, दुपारी १:१५

ऑफिसमधून पटकन विचारतो. एका लिलावात सीको फाइव्ह बघितलंय, आज रात्री संपतंय. निळा डायल, सुंदर दिसतंय. विक्रेता ‘ऑल ओरिजिनल, १९७०’ म्हणतो. डायलच्या अगदी खालच्या कडेला बारीक अक्षरांत ७००९ ने सुरू होणारा नंबर आहे. मागच्या झाकणावर ६११९ ने सुरू होणारा. मशीनचा फोटो नाही. बोली सध्या १८०० वर आहे, माझी तयारी ४००० पर्यंत. लावू का?


मटन_स्ट्रीट
सोमवार, दुपारी १:४०

डायल एकाचा, झाकण दुसऱ्याचं. सीकोत पहिले चार आकडे मशीनचे असतात. डायल, झाकण आणि मशीन, तिन्हीकडे तेच यायला हवेत. ६११९ मशीनची घड्याळं साठच्या दशकाच्या शेवटी आली, ७००९ त्यानंतरचं. म्हणजे ‘१९७०’ आणि हा डायल एकत्र बसत नाहीत. आत कुठलं मशीन आहे हे उघडल्याशिवाय देवालाच माहीत.


चावीचं_घड्याळ
सोमवार, दुपारी २:०५

मटन_स्ट्रीट म्हणतात तसंच. विक्रेत्याला मशीनचा आणि झाकणाच्या आतल्या बाजूचा फोटो मागा, शिवाय झाकणावरचा पूर्ण अनुक्रमांक. सीकोत त्याचा पहिला आकडा वर्षाचा शेवटचा अंक आणि दुसरा महिना असतो, त्यावरून काळ ताडता येतो. रोज वापरायला हवं असेल आणि मशीन धड निघालं तर सर्व्हिसिंगचा खर्च वजा करून सध्याच्या बोलीच्या आसपास थांबा. ‘ओरिजिनल’ म्हणून ४००० तर मुळीच नाही. फोटो आला नाही तर बोली लावूच नका, सीको फाइव्हचे लिलाव दर आठवड्याला असतात.


वरळी_सीफेस
सोमवार, संध्याकाळी ७:२२

विचारलं. उत्तर आलं, ‘ओपन करायला टूल नाही, वर्किंग पर्फेक्ट.’ सोडलं. त्याच मॉडेलचं दुसरं एक सापडलंय, दादरचा विक्रेता आहे, तीन्ही नंबर ६११९ आणि डायलवर ठिपके आहेत. मशीनचा फोटो इथे टाकतोय, बॅलन्सजवळ मला थोडा गंज वाटतोय. मटन_स्ट्रीट, रात्री जमल्यास बघाल का?


मटन_स्ट्रीट
सोमवार, रात्री १०:४७

बघितला. गंज बॅलन्सवर नाही, बाजूच्या स्क्रूच्या डोक्यावर आहे, तो निघतो. रोटरखाली (हात हलला की फिरून चावी देणारं वजन) घासल्याच्या खुणा आहेत, म्हणजे बेअरिंग झिजलंय, ते बदलावं लागेल. विक्रेत्याला हे सांगा आणि त्याच्या किमतीतून तेवढे कमी करून घ्या. डायल कंपनीचाच आहे. घ्या.